साठी बुद्धी नाठी?



म्हाताऱ्या माणसांविषयी आपल्या भाषेत दोन म्हणी प्रचारात आहेत. ‘जुने ते सोने’ ही एक आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही दुसरी. घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला आपल्या सोयीचा असला म्हणजे पहिली बाहेर निघते, गैरसोयीचा असला म्हणजे दुसरी. दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा, हे आपण विचारत नाही, कारण म्हणीला पुरावा मागण्याची आपल्याकडे रीत नाही. आज ज्यांच्या संशोधनाविषयी मी बोलणार आहे त्या गृहस्थांनी हा पुरावा मागितला आणि तो गोळा करण्यात सारी उमेद घालविली. डॉ. दिलीप जेस्ते हे त्यांचे नाव. जन्म १९४४चा, महाराष्ट्रातला. मेंदूचे आजार, वृद्धांची विचारशक्ती आणि अखेरीस शहाणपण म्हणजे काय, असा त्यांच्या अभ्यासाचा प्रवास आहे.

मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा सातवीत सुटली आणि पुढले शिक्षण शब्दकोश उशाशी घेऊन झाले. तेव्हा मेंदूवर बोलण्याचा याला काय अधिकार, असे कोणाच्या मनात आले तर ते योग्यच आहे. परंतु हा विषय एकट्या डॉक्टरांचा नाही. कारखान्यात माणूस अठ्ठावन्न-साठाला निवृत्त होतो आणि त्या दिवसापासून त्याच्या शब्दाची किंमत उतरते. हमालाला तर निवृत्तीच नाही. तुमच्या गावच्या मिरचीबाजारात पाठ साथ देते तोवर तो पोते उचलतो, आणि एक दिवस नाव विसरला की ‘म्हातारा चळला’ असे ठरवून सगळे मोकळे होतात. हे ठरविण्याचा अधिकार कोणाला, आणि कशाच्या आधारावर, हा माझा प्रश्न आहे.

जेस्ते यांचे वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात झाले. फ्रॉइडची पुस्तके वाचून मनोविकारशास्त्राची गोडी लागल्याचे त्यांनी सांगितले आहे. त्या काळी हुशार विद्यार्थी शस्त्रक्रियेकडे वा हृदयरोगाकडे वळत. वेड्यांच्या डॉक्टराला फारशी प्रतिष्ठा नव्हती. जेस्ते मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांच्या हाताखाली शिकले. पतंजलीच्या योगसूत्रांतील कल्पना घेऊन मनोविकारांवर उपचार करता येतील का, आणि त्यांचा गुण इतर उपचारांशी ताडून पाहता येईल का, असा प्रयोग वाहियांनी चालविला होता. त्यावरील १९७३च्या निबंधांवर वाहियांसोबत तरुण जेस्ते यांचेही नाव आहे. जुन्या ग्रंथातले असले तरी मोजून पाहायचे, ही सवय मला वाटते तेथेच लागली असावी.

सत्तरच्या दशकात ते अमेरिकेला गेले. कॉर्नेल विद्यापीठात मनोविकारशास्त्र आणि वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात मज्जाविकारशास्त्र अशा दोन्ही विद्यांचे शिक्षण त्यांनी घेतले. मनाचा डॉक्टर मेंदूकडे पाहत नाही आणि मेंदूचा डॉक्टर मनाकडे पाहत नाही, ही तक्रार फार जुनी आहे. दोन्ही दारे ठोठावणारे थोडे. पुढे राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत, रिचर्ड वायट या संशोधकाबरोबर, ते एका विचित्र आजाराच्या मागे लागले.

त्या आजाराची गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझीन नावाचे औषध वेडाच्या रोग्यांना प्रथम दिले गेले. तोपर्यंत अशा रोग्यांना कोंडणे, बांधणे याखेरीज फारसा इलाज नव्हता. या औषधाने भास कमी झाले, आरडाओरडा थांबला, हजारो लोक घरी परतले. परंतु काही महिन्यांनी, काही वर्षांनी, त्यांच्यापैकी अनेकांची जीभ आपोआप वळवळू लागली, ओठ चावल्यासारखे हलू लागले, बोटे पेटी वाजविल्यासारखी नाचू लागली. रोग्याच्या इच्छेचा त्यात काही संबंध नाही. याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. टार्डिव्ह म्हणजे उशिरा येणारा. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी काही रसायने असतात, त्यांपैकी डोपामीन हे एक. ही औषधे डोपामीनची दारे अडवून धरतात. फार दिवस दार अडविले म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणारा मेंदूचा भाग उरलेल्या थोड्या निरोपालाही भलतीच दाद देऊ लागतो, असा एक तर्क आहे. वायट आणि जेस्ते यांनी या आजारावर १९८२ साली पुस्तक लिहिले.

१९८६मध्ये जेस्ते कॅलिफोर्नियातील सान डिएगोच्या विद्यापीठात गेले आणि तेथे वृद्धांच्या मनोविकारांचा स्वतंत्र विभाग त्यांनी उभा केला. या आजाराचा हिशेब वयाच्या बाजूने मांडण्याचे काम तेथे झाले. पंचेचाळिशीच्या पुढचे २६६ रोगी घेऊन त्यांना वर्षानुवर्षे तपासले. १९९५ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: एका वर्षानंतर २६ टक्के रोग्यांना हा आजार जडला होता, दोन वर्षांनंतर ५२ टक्क्यांना, तीन वर्षांनंतर ६० टक्क्यांना. तरुण रोग्यांत हेच प्रमाण वर्षाला सुमारे ५ टक्के धरतात. म्हणजे तेच औषध म्हाताऱ्या मेंदूवर पाचपट जड पडते. औषधाची मात्रा ठरविताना म्हातारा माणूस म्हणजे पांढऱ्या केसांचा तरुण नव्हे, ही गोष्ट यातून लक्षात आली आणि वृद्धांना कमी मात्रा देण्याकडे डॉक्टर वळले.

नवी औषधे आली, त्यांच्याविषयी मोठ्या आशा निर्माण झाल्या. हा आजार त्यांनी कमी होतो, हे जेस्ते यांच्याच गटाने दाखविले. परंतु २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना ही नवी औषधे दिली तर मृत्यूचे प्रमाण वाढते. आणि २०१३ साली जेस्ते यांच्या गटाने चाळिशीपुढच्या ३३२ रोग्यांवर चार नव्या औषधांची पारख करून सांगितले की दीर्घकाळात गुण बेताचा आणि अपाय फार. ज्या औषधांवर आपल्या शास्त्राची निम्मी इमारत उभी, त्यांच्याविषयी असा निकाल छापणे सोपे नसते. आपल्याकडे मात्र रात्री ओरडणाऱ्या म्हाताऱ्याला ‘झोपेची गोळी’ म्हणून कोणीतरी हेच औषध आणून देतो आणि घर शांत झाले म्हणून सगळे समाधान मानतात. ती गोळी कोणती, किती दिवसांसाठी, कधी बंद करायची, हे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क प्रत्येक घराला आहे. मात्र चालू असलेले औषध कोणी मनाने एकाएकी बंद करू नये, त्यानेही अपाय होतो.

आता बुद्धीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत क्रेपेलिन नावाचे मोठे मनोविकारतज्ज्ञ होऊन गेले. आज आपण ज्याला स्किझोफ्रेनिया किंवा छिन्नमनस्कता म्हणतो त्याचे त्यांनी ठेवलेले नाव होते ‘अकाली बुद्धिनाश’. हा रोग झाला की बुद्धी उतरणीला लागते आणि पुन्हा सावरत नाही, असा त्या नावाचाच अर्थ. याच क्रेपेलिन यांच्या म्युनिकच्या रुग्णालयात आल्झायमर हे डॉक्टर काम करीत. त्यांनी १९०६ साली वृद्धपणीच्या स्मृतिनाशाचा तो प्रसिद्ध रोग मांडला. एक तरुणपणीचा बुद्धिनाश आणि दुसरा म्हातारपणीचा. जणू एकाच घरातले दोन भाऊ.

जेस्ते आणि त्यांचे सहकारी यांनी हे दोन भाऊ शेजारी बसवून तपासले. चाचणी साधी असते. शब्दांची एक यादी अनेकदा वाचून दाखवायची, किती शब्द शिकले ते पाहायचे, मग काही वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा विचारायचे. आल्झायमरच्या रोग्याने जे थोडे शब्द शिकले तेही अर्ध्या तासात उडून जातात. छिन्नमनस्कतेच्या रोग्याला शब्द शिकायलाच जड जाते, पण एकदा शिकले की ते टिकतात. अडत दुकानाच्या वहीचा दाखला घ्या. पहिल्या दुकानात माल आला, नोंद झाली, पण वहीलाच वाळवी लागली. दुसऱ्या दुकानात वही धडधाकट आहे, फक्त दारावरच्या गोंगाटात मुनीमजींना नोंद करायला जमत नाही. दोन्हीकडे हिशेब चुकतो. परंतु दुसऱ्या दुकानात शांतता केली, सावकाश सांगितले, पुन्हा सांगितले, तर काम होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १४२ रोगी आणि २०६ निरोगी माणसे काही वर्षे पुन्हा पुन्हा तपासली, तेव्हा रोग्यांची बुद्धी निरोग्यांपेक्षा अधिक वेगाने उतरताना आढळली नाही. शंभर वर्षे ज्यांच्या कपाळावर ‘बुद्धिनाश’ असा शिक्का होता त्यांना शिकविता येते, कामाला लावता येते, असा याचा अर्थ. शिवाय चाळिशीनंतर हा रोग प्रथमच होऊ शकतो, हेही जेस्ते यांनी इतर देशांतील तज्ज्ञांसह २००० साली मान्य करून घेतले. तोवर चाळिशीपुढच्या अशा रोग्याला काय झाले आहे, याविषयी एकमत नव्हते.

येथे आमच्या क्षेत्रातला एक प्रसंग सांगतो. ग्रॅच्युइटीच्या एका दाव्यात मालकाकडे नोंदवही नव्हती, म्हणजे दाखविली गेली नाही. एका सत्तरीच्या कामगाराची साक्ष झाली. समोरच्या वकिलाने त्याला विचारले, आज सकाळी काय जेवलास? म्हाताऱ्याला सांगता येईना. वकील हसून म्हणाले, ज्याला सकाळचे आठवत नाही तो तीस वर्षांपूर्वीचे काय सांगणार! मग म्हाताऱ्याने खात्यातल्या यंत्रांचा क्रम दारापासून शेवटच्या भिंतीपर्यंत सांगितला, प्रत्येक यंत्रावर कोण होता ते सांगितले आणि कोणत्या सालच्या दुष्काळात आपण कामाला लागलो तेही सांगितले. वकिलांचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण मेंदूच्या शास्त्राप्रमाणे तो चूक आहे. ताजी घटना साठविण्याचे काम कानाच्या आतल्या अंगाला असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागावर अवलंबून असते आणि वयाबरोबर हाच भाग आधी थकतो. जुने ज्ञान आणि हाताचे कसब मेंदूच्या इतर भागांत मुरलेले असते, ते पुष्कळ काळ टिकते. चष्मा कोठे ठेवला हे विसरणारा सुतार रंधा धरायला विसरत नाही.

म्हणजे वयाबरोबर काही गोष्टी खरोखर मंदावतात. झटपट उत्तर देणे, नवे नाव लक्षात ठेवणे, एका वेळी दोन कामे करणे, यांत विशीचा मुलगा साठीच्या माणसाला हरवतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु हा स्मृतिभ्रंश नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतातील साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शहरांपेक्षा खेड्यांत अधिक, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. संख्या फार मोठी आहे. परंतु दुसऱ्या बाजूने वाचली तर साठीपुढच्या शंभरांतील ब्याण्णव माणसांना तो नाही. म्हणीचा हिशेब येथेच कोसळतो.

जेस्ते याहून पुढे गेले. सान डिएगोत ५० ते ९९ वर्षे वयाच्या १,००६ माणसांना त्यांनी विचारले, तुमचे वृद्धत्व कसे चालले आहे, दहापैकी गुण द्या. त्यांचे शरीर तपासले, बुद्धी तपासली. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वय जितके अधिक तितके शरीर आणि स्मरण कमजोर, हे अपेक्षितच होते; परंतु वय जितके अधिक तितके माणसाने स्वतःला दिलेले गुणही अधिक! संकटातून उठण्याची ताकद असणे आणि मन खचलेले नसणे, यांचे वजन शरीर धडधाकट असण्याइतकेच निघाले. तीन वर्षांनी २१ ते १०० वयाच्या १,५४६ लोकांची पाहणी छापली गेली. तिच्यात सर्वांत अधिक चिंता आणि उदासी आढळली ती विशी-तिशीत; पुढे ती उतरत गेली.

हे वाचून आनंद होतो, पण मी युनियनचा माणूस असल्याने आकड्यांच्या पाठीमागे कोण उभे आहे ते पाहतो. सान डिएगो हे सुखवस्तू शहर. नव्वदीपर्यंत जगून प्रश्नावली भरणारा माणूस मुळात नशीबवान, खचलेले आधीच गेलेले असतात. आणि विशीतली आजची मुले व नव्वदीतले आजचे म्हातारे ही एकच माणसे नव्हेत, दोन पिढ्या आहेत. आमचा हमाल साठीला पोचतो तेव्हा त्याचे गुडघे गेलेले असतात आणि मासिक उत्पन्न शून्य असते. त्याला दहापैकी किती गुण दे म्हणून विचारायचे? तरीही एक गोष्ट या आकड्यांनी पक्की होते. बुद्धीचा एक भाग उतरतो म्हणून सारा माणूस उतरतो, हे खरे नाही.

मग जे चढते ते काय? जेस्ते यांचे उत्तर आहे, शहाणपण. एका शास्त्रज्ञाने हा शब्द उच्चारताच पुष्कळांनी नाक मुरडले असणार. हा विषय कीर्तनकारांचा, प्रयोगशाळेचा नव्हे! त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह जुनी-नवी वाङ्मये धुंडाळली, ३० तज्ज्ञांकडून मते मागविली. सहकारी इप्सित वाहिया यांच्यासह त्यांनी २००८ साली भगवद्गीतेतील शहाणपणाची कल्पना आणि पाश्चात्त्य शास्त्रातील कल्पना यांची तुलना प्रसिद्ध केली. दोहोंत आश्चर्य वाटावे इतके साम्य निघाले: भावनांवर ताबा, दुसऱ्याविषयी करुणा, स्वतःच्या आत पाहणे, आयुष्यातली अनिश्चितता पचविणे आणि तरीही वेळेवर निर्णय घेणे. गीतेत वासनांवरील संयम आणि भोगत्याग यांवर जो भर आहे तो आधुनिक व्याख्यांत कमी आढळतो, एवढा फरक.

आता हे गुण मेंदूत राहतात कोठे? यासाठी एका मजुराची हकिकत ऐका. जेस्ते यांनीही तिचा आधार घेतला आहे. १८४८च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. फिनिअस गेज हा पंचवीस वर्षांचा मुकादम सुरुंगाच्या भोकात दारू ठासत होता. आपल्याकडे विहिरीचा सुरुंग ठासताना पाहिला असेल तर चित्र डोळ्यांपुढे येईल. ठिणगी पडली, दारू उडाली आणि साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलो वजनाची पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरून टाळूतून बाहेर पडली. गेज मेला नाही. थोड्याच वेळात तो बोलू लागला. हिशेब, भाषा, जुन्या आठवणी शाबूत होत्या. परंतु जो माणूस शांत, जबाबदार आणि मजुरांचा आवडता होता तो शिवराळ, चंचल, कोणाचे न ऐकणारा झाला, असे त्याच्या डॉक्टरांनी, हार्लो यांनी लिहून ठेवले. कंत्राटदारांनी त्याला त्याची जागा परत दिली नाही. (भरपाई हा शब्द त्या काळात नव्हता.) कपाळामागचा मेंदूचा भाग फाटला म्हणजे बुद्धी राहते आणि शहाणपण जाते, हा धडा शास्त्राने त्याच्या कवटीवरून घेतला. ती कवटी आणि ती पहार आजही हार्वर्डच्या संग्रहालयात आहे.

या हकिकतीचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगत नाहीत. गेज पुढे दक्षिण अमेरिकेत चिली देशात गेला आणि तेथे अनेक वर्षे त्याने घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. सहा घोडे, डोंगराळ रस्ता, प्रवाशांची ने-आण, वेळापत्रक. शिवराळ आणि चंचल माणसाचे हे काम नव्हे. ठराविक कामाच्या शिस्तीत तो पुष्कळ सावरला असावा, असे अलीकडच्या अभ्यासकांचे मत आहे. १८६० साली तो वारला. मला विचाराल तर गेजची खरी शिकवण या उत्तरार्धात आहे.

कपाळामागचा हा भाग म्हणजे मेंदूतला कारभारी. खोलवर बदामाच्या आकाराची अमिग्डाला नावाची गाठ असते, ती भीती आणि संताप यांची घंटा वाजविते. घंटा वाजली की लगेच धावायचे की थांबायचे, हे कारभारी ठरवितो. वयस्क माणसांच्या मेंदूची चित्रे घेतली तेव्हा आढळले की वाईट दृश्ये पाहताना त्यांची ही घंटा तरुणांइतकी जोराने वाजत नाही, चांगली दृश्ये पाहताना मात्र वाजते. आजोबा नातवाच्या खोडीवर रागावत नाहीत यामागे केवळ थकवा नाही.

जेस्ते यांच्या गटाने शहाणपण मोजण्यासाठी चोवीस विधानांची प्रश्नावलीही तयार केली. ती माणसाने स्वतःच भरायची. येथे मी त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही. ‘मी संकटात शांत राहतो’ या विधानापुढे ठामपणे ‘होय’ लिहिणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. संप तिसऱ्या आठवड्यात गेला की त्यांची शांतता कळते. शहाणपण विचारावे शेजाऱ्याला, हाताखालच्या माणसाला, सुनेला.

२०१२-१३ साली जेस्ते अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. १८४४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे ते पहिले आशियाई वंशाचे अध्यक्ष. मनोविकारांच्या वर्गीकरणाचा जगभर वापरला जाणारा ग्रंथ त्यांच्याच कारकिर्दीत, मे २०१३मध्ये, नव्या आवृत्तीत निघाला, आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली.

अमेरिकेतले पुरे. आपण मराठवाड्यातले लोक, १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होतो आणि १९५६पर्यंत हैदराबादशी बांधलेले. त्या हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी ३९१ जण एकापेक्षा अधिक भाषा बोलणारे होते: तेलुगू, दख्खनी, हिंदी, इंग्रजी. २०१३ साली निष्कर्ष निघाला की एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा या लोकांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाला. निरक्षरांतही हा फरक दिसला, किंबहुना तेथे तो सुमारे सहा वर्षांचा होता. म्हणजे शाळेचा परिणाम वेगळा काढला तरी भाषेचा परिणाम उरतो. घरात मराठी, बाजारात दख्खनी, कचेरीत हिंदी अशी जीभ बदलताना मेंदूतला तो कारभारी सारखा कामाला लागतो: एक भाषा दाबायची, दुसरी पुढे करायची. हा व्यायाम आपले बाजारातले अशिक्षित लोक जन्मभर फुकट करीत आले आहेत. सर्वच पाहण्यांत असा फरक दिसलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. अल्लाडी पुढे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत गेल्या आणि तेथेही त्यांचे काम याच दिशेने आहे.

मेंदू झिजविणाऱ्या गोष्टींची यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली नव्याने मांडली. चौदा कारणे त्यांनी दिली आणि सांगितले की ती सारी दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल. बालपणी शाळा न मिळणे, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, दारू, डोक्याला मार, उदासी, हवेतली घाण, एकाकीपणा ही त्यांपैकी काही. आणि मोठ्या वजनाचे एक कारण आहे ऐकू न येणे. मेंदूला आवाज पोचेनासा झाला की त्याचे काम घटते, ऐकण्याच्या धडपडीत इतर शक्ती खर्च होते आणि माणूस बैठकीतून उठून एकटा बसू लागतो.

जालन्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये जे कधी उभे राहिले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. तापलेली सळई रोलरमधून निघताना जो आवाज होतो त्यात शेजारच्याशी बोलायचे तर खुणा कराव्या लागतात. पंधरा-वीस वर्षे तेथे काढलेला कामगार घरी येऊन मोठ्याने बोलतो, बायको म्हणते ओरडता का. आवाजाने येणारे बहिरेपण १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नमूद होते. कान तपासून घ्या म्हटले तर पुष्कळ कामगारच हसतात, कानाने काय मरतो का म्हणून. कानात घालायच्या बोळ्यांची किंमत चहाच्या दोन-चार कपांइतकी, आणि साठीनंतरच्या स्मरणशक्तीशी त्यांचा संबंध आहे, ही गोष्ट त्यांना अद्याप कोणी सांगितलेली नसते.

एकाकीपणावर जेस्ते यांनी अलीकडच्या वर्षांत पुष्कळ काम केले. सान डिएगोतील २७ ते १०१ वयाच्या ३४० माणसांच्या पाहणीत, २०१९ साली, ७६ टक्के लोकांत मध्यम ते तीव्र एकाकीपणा आढळला. तो आयुष्यभर सारखा नव्हता. विशीच्या अखेरीस, पन्नाशीच्या मध्यावर आणि ऐंशीच्या अखेरीस तो उसळत होता. ज्यांच्यात शहाणपणाचे गुण अधिक त्यांच्यात एकाकीपणा कमी होता. मी स्वतः पन्नाशीच्या मध्यावर आहे, तेव्हा हा आकडा मी दोनदा वाचला. २०२२ साली जेस्ते विद्यापीठातून निवृत्त झाले, सत्त्याहत्तराव्या वर्षी, आणि मानसिक आरोग्यावर घर, अन्न, रोजगार, सोबत यांचा काय परिणाम होतो या प्रश्नाला त्यांनी स्वतःला जोडून घेतले.

आपल्या भागात या प्रश्नाचे रूप वेगळे आहे. दिवाळी उलटली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मराठवाड्यातल्या अनेक गावांत सहा महिने म्हातारी माणसे आणि लहान मुले तेवढी मागे राहतात. साठीच्या वरची आजी दोन नातवंडे, एक शेळी आणि रेशनकार्ड सांभाळते. लसीची तारीख, उचलीचा हिशेब आणि कोणाकडे किती धान्य उसने दिले हे सारे तिच्या डोक्यात असते. अशी आजी एक दिवस चुलीवर भांडे ठेवून विसरली तर मुलगा कारखान्यावरून फोनवर काय ठरविणार? म्हणून काही गोष्टी व्यवहाराच्या म्हणून सांगतो. नाव विसरून नंतर आठवणे हे वय आहे. ओळखीच्या वाटेवर चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणे, नेहमीच्या नोटा मोजता न येणे ही तपासणी करण्याची वेळ आहे. त्यातही काही कारणे बरी होण्यासारखी असतात: जीवनसत्त्व बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा दोष, खचलेले मन, एकमेकांत न बसणारी औषधे, आणि नुसते ऐकू न येणे. यांच्या तपासण्या साध्या आहेत. सुरुवात भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयापासून करावी, पुढे जालन्याचे जिल्हा रुग्णालय आहे. जाताना चालू असलेल्या साऱ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्या. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो फुकट आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.